शाळा सोडल्याचे कारण

अनोळखी माणसाला भेटायची मला मुळीच भीती वाटत नाही. मी मास्तर आहे म्हटले की तो मला मास्तर समजतो. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत म्हटले की जरा अदबीने बोलू लागतो. मी सांगेन तेवढाच मी! भीती वाटते ती वर्गमित्रांची. पाढे चुकल्यावर माझ्या तळहातावर उठलेले वळ ज्यांनी मोजले आहेत, त्यांच्यापुढे कादंबरीकार म्हणून उभे राहायचे तरी कसे?

म्हणून १९९७ साली दहावी झालेल्या आमच्या वर्गाचा स्नेहमेळावा ठरल्याचे कळले, तेव्हा मी तोंडाने लगेच होकार दिला आणि पुढचे आठ दिवस न जाण्यासाठी सबबी शोधत बसलो. माझ्या हडकुळेपणामुळे वर्गाने मला ‘बोंबील’ हे नाव बहाल केले होते. आता अंगावर चार मुठी मांस आले आहे, पण नाव कुठे सुटते? शिवाय कोणी मुंबईत घर घेतलेले, कोणाचा मुलगा इंजिनियर झालेला. या हिशेबात आपण कुठल्या रकान्यात बसणार, हीही धाकधूक होतीच. आणि सर्वांत मोठे संकट म्हणजे माझ्या कादंबऱ्यांत प्रत्येकजण स्वतःला शोधणार, आणि सापडला नाही तर रुसणार! अखेर सौभाग्यवती म्हणाली, “जायचे तर जा, नाहीतर नाही म्हणून कळवा. घरात येरझारा घालून फरशी झिजवू नका.” फरशीवर दया येऊन मी गेलो.

मंडणगड हे रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तरेकडचे टोक. सावित्री नदी ओलांडली की रायगड जिल्हा लागतो. दहावी झाली की एस.टी.त बसून मुंबई गाठायची, ही आमच्याकडची जुनी रीत. आम्ही परीक्षा दिली त्याच्या पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी १९९८ रोजी, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पण ती वीरवरून खेडकडे गेली, आमच्या तालुक्याला शिवली नाही. त्यामुळे आमची ताटातूट आणि आमच्या भेटी, दोन्ही एस.टी.च्या भरवशावर. माणसे शिमग्याला येतात, मे महिन्यात येतात, गणपतीला येतात. आमचा मेळावा अर्थातच मे महिन्यातला, आंबे आणि उकाडा दोन्ही ऐन भरात असतानाचा.

किल्ल्याच्या पायथ्याशी एका मंगल कार्यालयात आम्ही जमलो, आणि पाच मिनिटांत माझी भीती कुठच्या कुठे पळाली. “अरे बोंबील!” अशी आरोळी आली आणि मला चक्क बरे वाटले! आईवडील गेल्यानंतर आपले बालपण प्रत्यक्ष पाहिलेली माणसे फार थोडी उरतात, हे त्या क्षणी जाणवले. कोणाचे केस गेले होते, कोणाचे पोट पुढे आले होते. पण हसला की आत दडलेला मुलगा डोकावत होता. मुंबईच्या घराचा आणि इंजिनियर मुलाचा विषय निघाला खरा, पण पाठोपाठ गुडघेदुखी आणि रक्तदाबही निघाले, आणि सगळे एका पंक्तीला आले.

मग एकाला कल्पना सुचली. त्याने शाळेतून दहावीच्या हजेरीपटाची नक्कल आणली होती. तो मास्तरांच्या आवाजात नावे पुकारू लागला आणि आम्ही “हजर!” म्हणून ओरडू लागलो. हसून हसून डोळ्यांत पाणी आले. दोन नावांना उत्तर आले नाही. ते दोघे आता या जगात नव्हते. आम्ही दोन मिनिटे उभे राहिलो. मग जेवायला बसलो.

जेवण एका महिला बचत गटाने केले होते. भात वाढणाऱ्या बाईंनी माझ्या पानाशी थांबून विचारले, “गुरुजी, भात वाढू?” मी वर पाहिले आणि आम्ही दोघेही हसलो. ती आमच्याच वर्गातली. पाचवीपासून सातवीपर्यंत पहिला नंबर तिचा. सातवीनंतर ती शाळेत आली नाही.

“वळखलास ना?” ती म्हणाली. ‘गुरुजी’ मागे पडले होते. “तुजा नंबर पोरांत शेवटचा, नि माजा पोरींत पयला. तू ‘हजर’ म्हटल्याबिगर माजं तोंड उघडायचं नाय.”

तीस वर्षांपेक्षा जास्त काळ तिने ते लक्षात ठेवले होते. मी म्हटले, “मग मघाशी हजेरी चालली होती तेव्हा आत का नाही आलीस?”

“माजं नाव कुठं होतं त्यात?” ती सहज म्हणाली, आणि पुढच्या पानावर वाकली.

मी शेजारच्या मित्राला हे सांगितले. तो मनाने अगदी चांगला माणूस. म्हणाला, “अरे, पण ती आपल्या बॅचची नव्हे. दहावीला नव्हतीच ना!” हिशेबाने त्याचे बरोबर होते. मला मात्र त्यानंतर आमरसाची गोडी लागली नाही. पाचवीला आमचा वर्ग दाटीवाटीने भरलेला असे. दहावीच्या पटावर त्यातली किती नावे उरली होती, ती मी मनात मोजू लागलो. पावसाळ्यात साकव वाहून गेला की घरी राहणारा एक, गुरे राखायला गेलेला एक, मुंबईला हॉटेलात कामाला लागलेला एक, धाकट्या भावंडांसाठी घरी थांबवलेल्या कितीतरी मुली. मेलेल्यांसाठी आम्ही दोन मिनिटे उभे राहिलो. या जिवंत माणसांची आम्हांला आठवणही झाली नाही.

मी मास्तर असल्यामुळे मला ठाऊक आहे, शाळेच्या जनरल रजिस्टरात एक रकाना असतो : ‘शाळा सोडल्याचे कारण’. त्यात ‘सतत गैरहजर’ किंवा ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे दोन-तीन शब्द लिहिले की काम भागते आणि पटावरून नाव कमी होते. २०१० साली शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यापासून आम्ही शिक्षक ‘शाळाबाह्य’ मुलांच्या शोधात घरोघर हिंडतो. माझ्या वर्गातली मुले गळाली तेव्हा त्यांना असे शोधत कोणी आले नव्हते.

रजिस्टर खोटे बोलत नाही, पण ते फार थोडे बोलते. आमच्याच तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. रजिस्टर क्रमांक १९१४. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. ती नोंद आज आपण अभिमानाने पाहतो. पण त्या मुलाला वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, ते गोणपाट रोज घरून न्यावे-आणावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे, हे त्या नोंदीत नाही. ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते. एकाच छपराखाली एकाच वर्षी दोन मुलांच्या दोन निरनिराळ्या शाळा असू शकतात. ‘ते सोन्याचे दिवस!’ असे मेळाव्यात कोणी म्हणतो, तेव्हा तो आपल्या शाळेविषयी बोलत असतो.

निघताना मी तिला म्हटले, “पुढच्या वर्षी पाचवीचा पट काढून सगळ्यांना बोलावू. तू येशील ना?”

पातेल्यावर झाकण ठेवत ती म्हणाली, “येईन की. पन मग जेवान कोन करंल?” आणि मोकळेपणी हसली. तो विनोद होता की उत्तर, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी मित्रांपुढे पाचवीच्या पटाची गोष्ट काढली आहे. काहींना ती आवडली, काही म्हणतात, “एवढी माणसे कुठे शोधायची?” माझेही मन दोन्हीकडे ओढ घेते. ज्यांना त्या वर्गातून उठावे लागले, त्यांना तिथे पुन्हा बसावेसे वाटेलच असे नाही. आणि आपण बोलावले म्हणून त्यांनी कृतज्ञ व्हावे, असे तर मुळीच नाही. तरी बोलावणे जायला हवे. येणे न येणे त्यांनी ठरवावे. आपल्या पटाने ते ठरवू नये.

या दिवाळीत तुमच्याही दारी एखादा जुना सोबती येईल. फराळाचे ताट पुढे ठेवून तुम्ही शाळेच्या आठवणी काढाल. त्या गप्पांत सहज विचारून पाहा : आपल्या वर्गात आणखी कोण कोण होते? मी विचारतो आहे. आतापर्यंत सतरा नावे जमली आहेत.