आमचे बडेबाबू

लखनौस बदलून आलो त्याला गेल्या पौषात तीन वर्षे झाली. या शहराची अदब अंगी बाणवायला आम्हांला बराच काळ लागला. आमच्या घरातील एका प्राण्याने मात्र ती जन्मतःच आणली होती. काचेतल्या आपल्याच प्रतिबिंबासमोर पुढच्या दोन्ही पायांची नखे थरथरवीत तो असा काही थबकतो, की एखाद्या नवाबाने आदाब अर्ज करावा! (कासवांच्या जगात ही प्रियाराधनाची रीत आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले.) धाकटीने त्याचे नाव ‘बडेबाबू’ ठेवले. इकडे हेडक्लार्काला असेच म्हणतात, आणि आमच्या कचेरीतील फाईलही साधारण याच गतीने पुढे सरकते.

दोन वर्षांपूर्वी जुन्या शहरातील एका दुकानातून आम्ही ते बिस्किटाएवढे पिल्लू आणले. “विलायती है साहब, क़ानून का कोई झंझट नहीं,” असे दुकानदार म्हणाला. गोमतीतले कासव घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा. हे मात्र मिसिसिपीच्या खोऱ्यातले, डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेले. खुद्द अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवे विकण्यास १९७५ पासून बंदी आहे, कारण त्यांच्या अंगावरील जंतूंनी मुले आजारी पडत. सोडून दिलेली ही कासवे तेथील तळी बळकावू लागली, म्हणून युरोपीय संघाने १९९७ साली त्यांची आयात थांबवली. यातले काही दुकानदाराने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

त्याने सोबत दिलेल्या प्लॅस्टिकच्या तबकात एक ताडाचे झाडही होते. ते सहा महिन्यांत अपुरे पडले. मग चार फुटी काचेची टाकी आली, गाळणयंत्र आले, पाण्याबाहेर बसण्यासाठी विटांचा ओटा झाला. नळाचे पाणी रात्रभर बादलीत ठेवून त्यातील क्लोरीन उडू द्यायचे, दर रविवारी निम्मे पाणी बदलायचे आणि नंतर साबणाने हात धुवायचे, हा आमचा नेम झाला. कासव पाण्यावाचून घास गिळू शकत नाही, आणि जेथे जेवते तेथेच बाकीचे सर्व उरकते. त्यामुळे टाकीचे पाणी आणि गृहिणीचे मन, दोन्ही निर्मळ राखणे कठीण! “ते कासव राहील, नाहीतर मी,” असे घरातून दोनदा सांगून झाले होते.

टाकी आम्ही मुद्दाम दक्षिणेच्या खिडकीपाशी, बंद तावदानाआड ठेवली होती. ऊन भरपूर येई. आमच्या हिशेबी यात काही उणे नव्हते. यंदा जानेवारीत लखनौवर धुके उतरले, आणि बडेबाबूंनी अन्न सोडले. थंडीचा परिणाम असेल, म्हणून आम्ही आठवडा घालवला. एका सकाळी धाकटीने त्यांना उचलले आणि म्हणाली, “बाबा, पाठ दबते आहे.” आम्ही बोट लावून पाहिले. पाठ खरोखरच ओल्या पुठ्ठ्यासारखी दबत होती.

पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो खिडकीविषयी. उन्हातील ज्या किरणांनी कासवाच्या अंगी ड जीवनसत्त्व तयार होते, ते काच अडवते. त्यावाचून चुना हाडांत आणि कवचात मुरत नाही. म्हणजे दोन वर्षे आम्ही त्या जिवाला उजेड दाखवीत होतो आणि ऊन मिळू देत नव्हतो. कासवी आपल्या पिलांना नुसत्या नजरेने पोसते, हा संतांचा आवडता दृष्टान्त आम्ही लहानपणी कीर्तनात ऐकला होता. आमची नजर तर चोवीस तास टाकीवर होती.

मग खास किरणांचा दिवा आणला. अमीनाबादेतून समुद्रफेस आणून पाण्यात टाकला. धुके निवळले की दुपारी तासभर गच्चीवर पाटीत, अर्ध्या भागावर फळी टाकून, त्यांना उन्हात ठेवायचे. कावळे राखण्याचे काम घरातून आपण होऊन पत्करले गेले. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

मध्येच एका रविवारी कुकरैलला गेलो. तेथे वनखात्याच्या केंद्रात घडियाल वाढवून नद्यांत सोडतात, देशी कासवांचीही निगा राखतात. धाकटीने विचारले, “आपण बडेबाबूंना गोमतीत कधी सोडायचे?” कधीच नाही, हे तिला समजावणे सोपे गेले नाही. ही जात तीस वर्षेही जगते. आम्ही निवृत्त होऊ, तेव्हा बडेबाबू सेवेत असण्याचा संभव आहे.

आणि याच सुमारास ज्या नागपूरच्या बदलीसाठी आम्ही तीनदा अर्ज केले होते, तिचा हुकूम आला! पंधरा दिवसांत रुजू व्हायचे. पशुवैद्य म्हणाले, थंडी सरेपर्यंत त्याला हलवू नका. आम्ही मुदतवाढीचा अर्ज घेऊन बसलो. ‘कारण’ या शब्दापुढे दीड ओळ जागा होती. कुटुंबातील आजारपण लिहावे, तर प्रमाणपत्र कोणाचे जोडणार? अखेर मुलीची वार्षिक परीक्षा मार्चमध्ये असल्याचे लिहिले. ते खोटे नव्हते. एकतीस मार्चपर्यंत मुदत मिळाली, आणि त्या संध्याकाळी बडेबाबूंनी तीन आठवड्यांनी प्रथमच पालकाचे पान ओढून पाण्याखाली नेले.