लिंबूसत, जिप्सम आणि मी

आमचं वरवट बकाल खारपाणपट्ट्यात येतं. बोअरचं पाणी मचूळ, पावसाळ्यात वावरात पाय रुततो, उन्हाळ्यात ढेकूळ कुदळीलाही दाद देत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. सामू जास्त असला की आम्ल टाकायचं, हा फळ्यावरचा हिशेब मी तसाच वावरात नेला.

आम्लारीधर्मी पाण्यात काही कीटकनाशकं लवकर फुटतात, हे वाचलं होतं. म्हणून कपाशीच्या फवारणीआधी ड्रममधल्या पाण्यात लिंबूसत टाकलं. सामूची पट्टी आठवरून सहावर आली. तेवढ्यात वारा सुटला, फवारणी राहिली. सकाळी पट्टी पुन्हा आठकडे सरकलेली. मी पट्टीवाल्याला शिव्या घातल्या. ड्रमच्या आतल्या अंगाला बुडबुडे चिकटलेले दिसत होते, तरी डोक्यात प्रकाश पडेना! पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. आम्लाने त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला, तो विरघळलेला होता तोवर सामू खाली राहिला, रात्रीत वायू उडून गेला आणि उरलेल्या बायकार्बोनेटने सामू परत वर नेला. बायकार्बोनेट किती आहे हे पट्टी सांगत नाही, त्याला अनुमापन करावं लागतं. ते मी बी.एस्सी.ला ब्युरेट धरून केलेलं आहे, हे सांगायलाही लाज वाटते.

जिप्समच्या बाबतीत मात्र मी इतरांनाही बुडवलं. माती परीक्षणात सोडियम जास्त निघालं, जिप्सम टाका असा सल्ला मिळाला. मी चमचाभर जिप्सम पाण्यात ढवळून पट्टी बुडवली. रंग उदासीन. ‘हे आम्लच नाही, सामू काय उतरवणार?’ असं पारावर ठासून सांगितलं. मास्तर म्हणतात म्हणून शेजाऱ्यांनीही घेतलं नाही.

जिप्सम आम्ल नाहीच, ते कॅल्शियम सल्फेट. चिकणमातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला त्यातलं कॅल्शियम हुसकावतं, कण पुन्हा एकत्र येतात, मातीत पाणी मुरू लागतं. कार्बोनेट चुनखडी होऊन खाली बसतं, म्हणून सामूही उतरतो. चोपण जमिनीसाठी पुस्तकात 15 टक्के विनिमयक्षम सोडियमची रेघ असते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीचा निचरा त्याच्या बऱ्याच आधी बिघडतो.

पुढच्या उन्हाळ्यात जिप्सम टाकलं आणि पावसाची वाट पाहत बसलो. सुटलेलं सोडियम सल्फेट पाण्याबरोबर वावराबाहेर जायला हवं, आणि माझ्या सपाट वावरात पाणी जागच्या जागी साचलेलं. धुऱ्यावरून जाणारा एक म्हातारा म्हणाला, ‘‘मास्तर, दवा मंग टाका, पह्यले पानी काढा.’’

चर खोदायला घेतला आहे. त्याचं तोंड कुठे काढायचं यावर बोलणं अडलंय. माझं सोडियम खालच्या वावरात उतरणार, हे त्या शेजाऱ्याला मीच समजावून सांगितलं होतं.