आई दुकान धावते

वेळापूरजवळच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो. साल १९९८. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीची आमची मुलं पाचवीत एबीसीडी गिरवायची आणि आठवीपर्यंत शब्दार्थांची वही पाठ करायची. त्या वहीत ‘रन – धावणे’ असं मीच उतरवून दिलं होतं. एका शब्दासमोर एक अर्थ.

सहामाहीला भाषांतरासाठी वाक्य घातलं होतं : ‘माय मदर रन्स अ शॉप.’ एका मुलीने लिहिलं, ‘माझी आई दुकान धावते.’ मी लाल फुली मारली. पेपर हातात पडल्यावर ती उभी राहिली. “सर, वहीत तर ‘धावणे’च आहे.”

“इथे ‘चालवते’ म्हणायचं,” मी म्हणालो.

“पण चालणं म्हणजे वॉक ना, सर?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. “पाठ कर,” एवढंच म्हणून मी पुढचा पेपर उचलला. ते मला दिवसभर लागून राहिलं. बरोबर प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी गप्प बसवलं होतं.

रात्री शब्दकोश काढला. ‘रन’ची नोंद पानामागून पान चालली होती. इंजिन, दुकान, सिनेमा, नदी, नाक, कपड्याचा रंग, ताप, निवडणूक, सगळ्यांना हे एकच क्रियापद. मूळ पाहिलं आणि गाठ सुटायला लागली. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ धावणं होता तसाच वाहणंही होता. त्याचा जर्मन भाऊबंद ‘रिनेन’ तर आजही वाहण्यासाठीच वापरतात. म्हणजे पायांचा वेग हा या शब्दाचा एक पदर. दुसरा पदर न थांबता पुढे जात राहण्याचा.

दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तक उघडलंच नाही. “गावात काय काय चालतं, सांगा,” म्हणालो. हात वर झाले. विहिरीवरची मोटर चालते, पिठाची गिरणी चालते, भजन रात्रभर चालतं, तंबूतला सिनेमा आठवडाभर चालला. प्रत्येक वाक्य इंग्रजीत केलं आणि प्रत्येकात ‘रन’ बसला. मग विचारलं, “वाहतं काय?” ओढा वाहतो, नाक वाहतं. तिथेही ‘रन’. नव्या ओढणीचा रंग धुण्यात दुसऱ्या कपड्याला लागला, तिथेही तोच. डब्यातली साखर संपली की ‘रन’च्या मागे ‘आउट’ जोडायचा. निवडणुकीला मात्र आपला उमेदवार उभा राहतो. इंग्लंडमधलाही उभाच राहतो, अमेरिकेतला ‘रन’ करतो. मुलं थक्क झाली.

मी फळ्यावर लिहिलं : आपल्याकडे जे चालतं आणि वाहतं, त्यातलं पुष्कळसं इंग्रजीत धावतं. क्रियापद एकटं पाहू नका. कोण करतंय, कशाला करतंय आणि मागे कोणता छोटा शब्द लागलाय, ते पाहा.

ती मुलगी पुन्हा उभी राहिली. “सर, आमच्याकडे वारी आजोबांपासून चालत आलीय. तिथं?” तिथेही ‘रन’ चालेल, मी म्हणालो. घराण्यात चालत आलेल्या गोष्टीलाही इंग्रजी माणूस हेच क्रियापद लावतो. तिचा चेहरा उजळला.

पण आपलं ‘धावणं’ इंग्रजीला पुरतं देता येत नाही, हेही त्याच तासाला लक्षात आलं. संकटात माणूस ‘धावून येतो’, भक्त देवाचा ‘धावा’ करतो. माउलींची पालखी वेळापूरला येते तेव्हा उतारावरून वारकरी धावत सुटतात. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा आहे. त्या धाव्यातली ओढ ‘रन’ या तीन अक्षरांच्या इंग्रजी शब्दात कशी मावणार?

“मग पालखीच्या दिवशी माझी आई दुकान धावतेच, सर,” ती म्हणाली. तिच्या आईची चहाची टपरी पालखीच्या रस्त्यावर होती. त्या दिवशी ती बाई एका हातात किटली, दुसऱ्या हातात कप घेऊन टपरीपासून दिंडीपर्यंत किती खेपा घालायची, ते मी स्वतः पाहिलं होतं. वाक्य व्याकरणात चुकलेलंच राहिलं. पण मुलीने ते आईकडे पाहून लिहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढे २०११ साली वाचलं, की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले आणि संपादक पीटर गिलिव्हर त्या एका शब्दावर नऊ महिने बसले होते. मला त्या मुलीची आठवण झाली. नऊ महिन्यांच्या कामाला मी वहीत एक ओळ दिली होती.

त्या सहामाहीनंतर मात्र माझ्या वर्गातल्या वह्या बदलल्या. प्रत्येक क्रियापदाखाली अर्धं पान कोरं सोडायचं, आणि ते मुलांनी आपापल्या घरातल्या वाक्यांनी भरायचं.