आपल्या पिढीचं एकच गाणं?



पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसलात तर बरं.

इथे दुबईत आमच्या मंडळाची मी खजिनदार. (सीए बाई दिसली की दुसरं पद कुणी विचारतच नाही.) गेल्या महिन्यात स्नेहसंमेलनाची मीटिंग होती. कार्यक्रमाचा शेवट कशाने करायचा यावर चर्चा चालली होती, तेव्हा मी म्हटलं, "आपल्या पिढीचं गाणं घेऊ या ना. 'मिले सुर मेरा तुम्हारा'. सगळ्यांना येतं, तालीम करायला नको." दोन मिनिटांत ठरलं. हॉलच्या भाड्यावर आमचा पाऊण तास वाद होतो, म्हणजे बघा.

घरी येऊन जेवताना सांगितलं. लेक नववीत आहे. ती म्हणाली, "आई, एक गाणं अख्ख्या पिढीचं कसं असेल? आमच्या स्कूलबसमध्ये प्रत्येकाच्या कानात वेगळं गाणं असतं."

झालं, मला विषयच मिळाला. मी सुरू झाले. १५ ऑगस्ट १९८८ ला ते गाणं पहिल्यांदा दूरदर्शनवर लागलं. मी आठ वर्षांची होते, डोंबिवलीत. पहिला दिवस काही मला आठवत नाही, पण नंतरची कित्येक वर्षं आठवतात. दोन कार्यक्रमांच्या मध्ये कधीही लागायचं. धबधब्यापाशी भीमसेन जोशी, आणि ती भैरवी. भैरवी म्हणतात हे तेव्हा कुठलं कळायला, पण तो आवाज आला की खेळणं थांबायचं. जमिनीखालून गाडी धावते हे मला कोलकात्याच्या मेट्रोमुळे त्याच गाण्यात पहिल्यांदा कळलं. चौदा भाषा, आणि शेवटी लताबाई. मराठी ओळ जवळ आली की आजी पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून यायची. "आपलं आलं, आपलं आलं!" ओळ संपली की परत आत. शब्द पीयूष पांडे यांचे, संगीतात आपले अशोक पत्की आणि लुई बँक्स, हेही मी लेकीला सांगून टाकलं. नंतर वाचलेलं सगळं असं कुठेतरी वापरावं लागतं ना!

लेक शांतपणे म्हणाली, "पण तुम्ही ते निवडलं कुठे? तुम्हाला दाखवलं. दुसरं चॅनेलच नव्हतं."

खरं सांगायचं तर मुद्दा बरोबर होता. झी सुरू झालं १९९२ मध्ये. त्याआधी बहुतेक घरांत दूरदर्शन म्हणजेच टीव्ही. २६ जानेवारी २०१० ला 'फिर मिले सुर' आलं. ते पहिल्यापेक्षा कितीतरी लांब होतं आणि त्यात कलाकारांची रांग होती. पण आज मंडळात कुणी म्हणत नाही की ते घेऊ या. ते चांगलं की वाईट हा भाग वेगळा. तोपर्यंत प्रत्येक घराच्या रिमोटवर शेकडो चॅनेल होती, त्यामुळे तेच गाणं तेवढ्याच वेळा सगळ्यांच्या कानावर पडणं शक्यच नव्हतं. म्हणजे आपल्या पिढीला एक केलं ते गाण्याने की एकाच चॅनेलने?

तरी मी हट्टाने म्हटलं, "काही का असेना, त्या वयाच्या कुठल्याही माणसाला विचार. तुझ्या बाबाला विचार. आठवतं ना रे?"

नवरा वरणभात कालवत होता. वर न बघता म्हणाला, "मी ते गाणं पहिल्यांदा पाहिलं २०१४ मध्ये."

मला वाटलं, थट्टा करतोय.

"तू हिला मांडीवर घेऊन यूट्यूबवर दाखवत होतीस. मी मागे उभा होतो. तेव्हा."

तो क्षण मला लख्ख आठवतो. तो सोफ्यामागे उभा राहून गाणं संपेपर्यंत हलला नव्हता. मी मनात म्हटलं होतं, आला याचा गळा भरून, लहानपण आठवलं. दहा-अकरा वर्षं मी तेच धरून चालले होते.

मग त्याने सांगितलं. त्याचं गाव शहाद्याजवळ, तेव्हाचा धुळे जिल्हा, आताचा नंदुरबार. सासरे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारे. गावात मोजके टीव्ही, त्यातला एक मालकाच्या घरी. सालदारांची पोरं आत जायची नाहीत. कुणी मारायचं वगैरे नाही, पण जायचं नसतं हे माहीत होतं. ती बाहेरच्या भिंतीला पाठ लावून बसायची. 'रामायण' त्याने असंच ऐकलं. 'मिले सुर' पण असंच. "खिडकी उंच होती," एवढंच म्हणाला. गाणं त्याला पाठ होतं, पण त्यात धबधबा आहे हे माहीत नव्हतं.

१९९६ मध्ये तो इंजिनिअरिंगला पुण्याच्या होस्टेलवर आला. एका रात्री लाइट गेली तेव्हा पोरांनी हेच गाणं धरलं. एकेकाला एकेक भाषा वाटून दिली, वर हत्ती, मेट्रो, सगळ्याच्या नकला. सगळे हसत होते. हा शेजारचा करेल ते बघून तसं करत राहिला, आणि ओठ हलवत राहिला. "कुणाला कळलं नाही," तो म्हणाला. "पण मला कळत होतं ना."

मी विचारलं, "मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तू म्हणायचीस, 'आठवतं ना रे?' त्यावर 'हो' सोडून काय म्हणायचं?"

मी गप्प. आणि तेवढ्यात लेक म्हणाली, "मी पण तसंच करते. गणपतीत. आरतीची मधली कडवी मला येत नाहीत. सगळ्यांना येतात, म्हणून मी टाळ्या जोरात वाजवते आणि ओठ हलवते."

मंडळी, मी दर वर्षी त्याच हॉलमध्ये असते. पावती पुस्तक घेऊन दाराशी बसलेली. मला दिसते ती छान सलवार-कमीज घालून आरती म्हणणारी माझी लेक. केवढं कौतुक वाटतं मला!

रात्री झोप लागेना. आमच्या कामात नमुना तपासणी असते. सगळी व्हाउचर्स बघणं शक्य नसतं, म्हणून काही निवडून बघायची आणि त्यावरून पूर्ण हिशेबाबद्दल मत द्यायचं. आर्टिकलशिप करणाऱ्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात सांगते: टेबलावर हाताशी असलेली फाईल उचलू नका. ती नीट लावलेलीच असते म्हणून हाताशी असते. आणि स्वतः मी काय केलं? टीव्हीसमोर बसलेल्या आम्हा डोंबिवलीच्या पोरांची फाईल उचलली आणि खाली सही ठोकली, 'आपली पिढी'. माझ्याच नवऱ्याचं व्हाउचर मी कधी उघडलं नव्हतं.

एक गाणं पिढीची ओळख असू शकतं का? मला वाटतं, गाण्यावरून आपलं वय कळतं. आपण त्या वेळी कुठे बसलो होतो, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि ज्यांनी ते ऐकलंच नाही, ते काही पिढीतून वजा होत नाहीत. ते फक्त ओठ हलवायला शिकतात. गाणं बनवणाऱ्यांनी चौदा भाषांना आत घेतलं होतं. भिंत गाण्यात नव्हतीच, ती घराला होती.

पुढच्या मीटिंगला मी विषय परत काढला. नवऱ्याची गोष्ट सांगितली नाही, ती त्याची आहे. फक्त म्हटलं, गाणं राहू दे, पण त्याआधी ज्यांना सांगायचंय त्यांनी सांगावं, की हे आपण कुठे ऐकलं, किंवा नाही ऐकलं तर त्या वयात काय ऐकलं. एरवी वर्गणीची आठवण करूनही उत्तर न देणारे लोक मला रात्री मेसेज करायला लागले. एकीचं लहानपण मस्कतमध्ये गेलं. मामाने पाठवलेल्या व्हिडिओ कॅसेटच्या शेवटी चुकून हे गाणं आलेलं होतं आणि ती भावंडं सिनेमा सोडून तेवढंच बघायची. एका दादांनी लिहिलं, आमच्याकडे फक्त रेडिओ होता, माझं गाणं वेगळं आहे, चालेल का? चालेल म्हटलं, धावेल.

आणि आरतीच्या छापील प्रतींचा खर्च मी न विचारता मंजूर केलाय. मोठ्या अक्षरात, सगळी कडवी. मुलांसाठी म्हणून छापतोय, पण पहिल्या प्रती मोठेच उचलणार, बघा.

तुम्हालाही एक विनंती. आपल्या मुलांना "हे गाणं माहीत नाही तुला?" असं आपण फार सहज म्हणतो. जोडीदाराला "आठवतं ना?" म्हणतो. त्याऐवजी एकदा विचारून बघा, तू तेव्हा कुठे होतास? कुठे होतीस? आणि मग थोडं थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. आमच्याकडे लग्नाला अठरा वर्षं झाली तेव्हा आलं.

ही पोस्ट टाकायच्या आधी त्याला वाचून दाखवली. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाव नको टाकूस. बाकी राहू दे."

मग पाणी प्यायला उठला, आणि दारातून वळून विचारलं, "खिडकी उंच होती, ते लिहिलंस ना?"

लिहिलंय.