भोंग्यासाठी एक कपॅसिटर

अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटवरचा सर्वांत साधा हाय-पास फिल्टर दोन भागांचा असतो : सिग्नलच्या वाटेत एक कपॅसिटर आणि त्याच्यापुढे ग्राउंडला जाणारा एक रेझिस्टर. कपॅसिटर डीसी पूर्ण अडवतो आणि खर्जाची मंद कंपने बरीचशी. कटऑफचे गणित सोपे आहे. किलोओहम आणि मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने १५९ला भागले की हर्ट्झ मिळतात. तिथे आवाज ३ डेसिबल उतरलेला असतो. त्याच्या बराच खाली गेल्यावर उतार दर सप्तकाला ६ डेसिबल पडतो.

आकडा कुठला धरायचा, हे मात्र अ‍ॅम्प्लिफायर नव्हे, स्पीकर ठरवतो. टीडीए २०३० आयसीच्या नेहमीच्या सर्किटमध्ये १ मायक्रोफॅरड आणि २२ किलोओहम असतात, म्हणजे कटऑफ सुमारे ७ हर्ट्झ. घरातल्या बॉक्सला ते ठीक. बुलढाणा तालुक्यातल्या धाडसारख्या गावी सप्ताहाच्या मंडपावर भोंगे चढवायचे असतील, तर हाच आकडा घातक ठरतो. हॉर्नच्या मर्यादेखालच्या खर्जाला समोर हवेचा भार मिळत नाही; युनिटचा पडदा मोकाट हलतो आणि कॉइल मार खाते. १०० व्होल्टच्या लाइनवर तर भोंग्याच्या ट्रान्सफॉर्मरचा गाभाही खर्जाने लवकर भरतो, मग वरचे शब्दही फाटतात. माइकवरचा वारा आणि स्टेजवरची पावले हे सगळे त्यात भर घालतात.

अ‍ॅम्प्लिफायरचे इनपुट ४७ किलोओहमचे असेल, तर ०.०३३ मायक्रोफॅरडला कटऑफ साधारण १०३ हर्ट्झ येतो, ०.०२२ला १५४. भोंग्यासाठी दुसरा बरा. कीर्तनाचे शब्द व्यंजनांवर उभे असतात आणि ती बरीच वर असतात. पखवाजाच्या डाव्या अंगाचा घुमारा मात्र कमी होतो. तो भोंग्यातून तसाही येत नव्हता.

गणित चुकते ते रेझिस्टरपाशी. पुढच्या सर्किटचे इनपुट त्याला समांतर येते आणि मागच्या सर्किटचा रोध त्यात मिळतो. १०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट आणि त्यानंतर ०.०३३चा कपॅसिटर असेल, तर विद्युत मध्यावर आणखी २५ किलोओहम मिळून कटऑफ ६७ हर्ट्झवर घसरतो. पॉट १० किलोओहमचा घेतला, तर तो ९७च्या आसपास राहतो.

कपॅसिटर पॉलिस्टरचा घ्यावा, ०.०२२ वर ‘२२३’ छापलेले असते. स्वस्त सिरॅमिक डिस्कची किंमत उष्णतेने आणि व्होल्टेजने बदलते, आणि विदर्भाचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे.

हमिंग घालवण्यासाठी हा फिल्टर बसवू नये. कटऑफ १०० हर्ट्झ असला, तरी ५० हर्ट्झची गुणगुण फक्त ७ डेसिबल उतरते. तिच्यासाठी शिल्डची वायर आणि ग्राउंडची जोडणीच तपासावी लागते.