सोयरसुतक

घाटघरास ज्या घरी आम्ही आज कित्येक वर्षे उतरत आलो आहो, त्या घरच्या मावशींनी एकदा आम्हांस एक अगदी साधा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर आम्हांस देता आले नाही. "तुमचं कोण व्हतं ते?" एवढाच तो प्रश्न. एरवी बोलण्यात आम्ही कोणास हार जाणारे नव्हे. परंतु त्या दिवशी पाण्याचा तांब्या हातात घेऊन आम्ही ओट्यावर नुसते बसून राहिलो. तो दिवस २०२० सालच्या जानेवारी महिन्याच्या १९ तारखेचा, रविवारचा.

घाटघर हे जुन्नरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या अगदी धारेवर वसलेले गाव. पावसाळ्यात येथे आभाळ फाटते. जानेवारीत खाचरे कोरडी पडलेली असतात आणि सकाळच्या थंडीत बोटे दोराची गाठ मारण्यास कुरकुर करतात. एका अंगास नाणेघाट, दुसऱ्या अंगास जीवधन किल्ला, आणि जीवधनापासून सुटून एकटाच उभा राहिलेला वानरलिंगीचा सुळका. यासच लोक खडा पारशी असेही म्हणतात. सुमारे साडेतीनशे फुटांचा हा कातळ, आणि असल्या कातळांवर चढण्याचा आमच्या मंडळीस नाद आहे. नाद हा शब्द आम्ही समजून-उमजून वापरीत आहो. छंद म्हटले की तिकिटे जमविल्यासारखे वाटते, आणि साहस म्हटले की वर्तमानपत्राची भाषा होते.

शनिवारी आमच्यातील तरुणांनी सुळक्याच्या मध्यापर्यंत दोर पोहोचविले, ते तेथेच खिळ्यांस बांधून ठेवले आणि उरलेली चढाई उद्यावर टाकून मंडळी खाली आली. आम्ही स्वतः त्या दिवशी सुळक्यावर नव्हतो. वयपरत्वे आमच्या वाट्यास हल्ली खालून पाहण्याचे आणि ओरडण्याचे काम येते. दुपारी दोघा नवख्यांस घेऊन आम्ही जीवधनावर गेलो. इंग्रजांनी फोडलेल्या पायऱ्यांच्या जागी कातळावरून कसे चढावे ते त्यांस शिकविले, आणि धान्यकोठारातील राख १८१८ सालच्या आगीची असे सांगतात, म्हणून तीही दाखविली. माथ्यावर पोहोचलो तेव्हा उत्तरेस हरिश्चंद्रगड इतका स्वच्छ दिसत होता की, आम्ही बोट दाखवून त्या मुलांस म्हटले, "तो पाहा हरिश्चंद्रगड. त्याच्या पश्चिमेच्या अंगास कोकणकडा. एकदा तेथे तुम्हांस नेले पाहिजे." आमचे बोट ज्या दिशेस होते तेथे त्या वेळी एका माणसाचा शोध चालला होता, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

रात्री जेवणे झाल्यावर आमच्यातील एक मुलगा घरी फोन करण्यासाठी नाणेघाटाच्या पठारावर गेला होता. गावात आमच्या फोनांस आवाजच मिळेना. तो परत आला तो धावत. "अरुण सावंत कोकणकड्याशी पडलेत. अजून सापडलेले नाहीत." चुलीशेजारी बोलणे चालू होते ते थांबले. कोणी म्हणाले, अफवा असेल. कोणी म्हणाले, सावंत पडणे शक्यच नाही. हे दुसरे वाक्य आम्हीच बोललो असू, असे आता वाटते.

डोंगर चढणाऱ्यांच्या जगाबाहेर हे नाव फारसे कोणास परिचित नव्हते, म्हणून दोन शब्द सांगितले पाहिजेत. साठीच्या घरातले हे गृहस्थ कित्येक दशके सह्याद्रीचे कडे, नाळा आणि सुळके पायांखाली घालीत होते, आणि दोर कसा लावावा, कड्यावरून दोराने कसे उतरावे हे कितीतरी तरुणांस त्यांच्यामुळे कळले. रतनगडाच्या परिसरातील साम्रद गावाजवळची सांधण दरी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. दोन उभ्या कातळभिंतींमधली ती अरुंद चीर. तळाशी हिवाळ्यातही पाणी, आणि पुढे कोकणाच्या बाजूस एकाखाली एक कोसळत गेलेले टप्पे. त्यांनी सांधणीचा शोध लावला असे छापून येते, ते मात्र आम्हांस मानवत नाही. साम्रदच्या लोकांची गुरे त्या दरीच्या तोंडाशी पिढ्यान् पिढ्या चरत आली. त्यांस ती हरवलेली कधीच नव्हती. सावंतांनी केले ते याहून निराळे, आणि आमच्या मते मोठे. जे गावास माहीत होते ते त्यांनी परक्या मुलांच्या आवाक्यात आणले. आज थंडीच्या दिवसांत तेथे तंबूंची गर्दी होते, साम्रदच्या घरांतून शेकडो पाने वाढली जातात, आणि कचराही पडतो. या कचऱ्याबद्दल आम्ही त्यांस मनातल्या मनात पुष्कळदा बोल लावला आहे, हेही येथे कबूल करतो. योगायोग असा की, साम्रदला लागूनच जे गाव आहे त्याचेही नाव घाटघर. ते अकोले तालुक्यात आणि हे जुन्नर तालुक्यात. नवखी मुले या दोहोंत नेहमी घोटाळा करतात.

असो. आमचा त्यांचा परिचय होता असे म्हणवत नाही. दुरून पाहिले होते. ओळख करून घ्यावी असे वाटे, पण भोवती मुलांचा गराडा पाहून आम्ही मागे फिरत असू. मात्र सांधणीत पहिल्यांदा उतरलो तेव्हा येथून पुढे वाट आहे, मनुष्य खाली जाऊन जिवंत परत येतो, ही जी खात्री मनात होती, ती आमच्या आधी उतरून गेलेल्यांची होती. ती आम्ही उसनी घेतली होती आणि घेतल्याचे त्यांस कधी सांगितले नव्हते.

रविवारी पहाटे मंडळीत तीन मते पडली. एका पक्षाचे म्हणणे, हरिश्चंद्रगडाकडे शोधास निघावे. दुसऱ्याचे, सुळक्याचा माथा गाठावा आणि ती चढाई त्यांस अर्पण करावी. तिसरा पक्ष मुकाट्याने पिशवी भरीत होता. आम्ही सांगितले की, शोधासाठी तो कडा जाणणारी माणसे तेथे पोहोचली आहेत. आपण गेल्यास त्यांस आपलीही काळजी वाहावी लागेल. अर्पण करण्याची गोष्ट ऐकून तर आम्हांस रागच आला, तो का आला ते पुढे सांगू. राहता राहिले दोर. ते सुळक्यावर टांगलेले सोडून जाता येत नाही. ऊनपावसात कुजलेल्या दोरावर उद्या दुसरे कोणी विश्वास टाकील. तेव्हा माथा न गाठता केवळ दोर उतरवून आणावयाचे ठरले.

हे काम दिसते त्यापेक्षा अवघड असते. सर्वांत वरच्या खिळ्यापर्यंत एकास चढावेच लागते. तेथून खालचे सर्व मोकळे करून त्याने शेवटी दोर दुहेरी ओवावयाचा, त्यावरून उतरावयाचे आणि खाली आल्यावर एक टोक ओढून तो काढून घ्यावयाचा. कातळावर मनुष्य बांधलेला असतो तोवर फारसे भय नसते. भय असते ते एका बंधनातून सुटून दुसऱ्यात जाण्याच्या त्या चार क्षणांत. १८६५ साली आल्प्समधील मॅटरहॉर्न पहिल्यांदा सर झाला, तेव्हा उतरताना दोर तुटून सातांपैकी चौघे गेले. त्या दोराचा तुकडा झेरमाटच्या संग्रहालयात आजही ठेवलेला आहे. त्या सकाळी वर गेलेला मुलगा पंचविशीचाही नव्हता. आम्ही खालून नेहमीप्रमाणे ओरडलो, "गाठ पाहा." एरवी तो वैतागून "पाहिली हो, काका!" असे म्हणतो. त्या दिवशी वरून आवाज आला, "पुन्हा पाहतो." आणि त्याने खरोखरच ती पुन्हा पाहिली. बराच वेळ लावला. आम्ही एक शब्द बोललो नाही.

दोर गुंडाळून झाले आणि नाणेघाटाच्या रस्त्याला लागलो तोच फोन वाजू लागले. देह सापडला होता.

घरी येऊन ओट्यावर टेकलो तेव्हा मावशींनी तो प्रश्न विचारला. बंधू नव्हेत, मेहुणे नव्हेत, गाववाले नव्हेत, कचेरीतले नव्हेत. गुरू म्हणावे तर त्यांनी आम्हांस कधी शिकविले नाही. स्नेही म्हणावे तर त्यांस आमचे नावही ठाऊक नव्हते. मराठीत आत्येभावापासून साडूपर्यंत प्रत्येकास शब्द आहे, आणि त्या शब्दाबरोबर सुतकाचे दिवसही ठरलेले आहेत. या नात्यास काहीच नाही. आम्ही कसेबसे म्हणालो, "कोणी नाही, मावशी. डोंगर चढत असत." त्यांनी मान हलविली आणि त्या आत गेल्या.

संध्याकाळी आम्ही एकटेच नाणेघाटाच्या लेण्यात जाऊन बसलो. दोन हजार वर्षांहून अधिक जुना असा तेथला लेख नागनिका राणीचा. सातकर्णीने केलेले यज्ञ आणि दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणी त्यात मोजून लिहिली आहेत. आणि राणी महिनाभराचे उपवास करणारी, घरात तापसीसारखी राहणारी अशीही तिची ओळख त्यात आहे. लेण्यात राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या नाहीशा झाल्या. पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली. राणी ही राजाची पत्नी, तिला तो शोक भिंतीवर कोरण्याचा अधिकार होता. आम्हांस कशाचा अधिकार, असे मनात येत राहिले.

तेवढ्यात फोनवर संदेशांची रांग लागली, आणि बहुतेकांत एकच भाव : ज्या सह्याद्रीवर प्रेम केले त्याच्याच कुशीत देह ठेवला, केवढे भाग्य! सकाळच्या आमच्या रागाचे मूळ या वाक्यात आहे, कारण ते आम्हीही एकदा लिहिले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक मुलगा पावसाळ्यात निसरड्या वाटेवरून गेला. त्याच्या वडिलांस आम्ही सांत्वनाचे पत्र पाठविले आणि त्यात डोंगराची कूस, चिरविश्रांती, असे सर्व काही घातले. पत्र फार सुरेख उतरले होते; दोघाचौघांस वाचूनही दाखविले होते. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ स्वतः आमच्या दारी आले. हातात मुलाच्या खोलीत सापडलेला दोर होता. "हा तुमच्यापैकी कोणाचा असेल," म्हणाले. पाणी घेतले, चहा नको म्हणाले. पत्राविषयी अवाक्षर काढले नाही. जाताना पायरीवर थांबून इतकेच बोलले, "त्याचं आमच्यावरही प्रेम होतं हो."

सावंतांविषयी ते वाक्य लिहिण्यास आमचा हात त्या संध्याकाळी धजला नाही. डोंगराने त्यांस कुशीत घेतले नाही. डोंगर कोणास घेत नाही आणि सोडीतही नाही. तो त्यांस ओळखतही नव्हता. ओळखत होती ती माणसे, आणि त्या रात्री कोठेतरी एका घरी ती बसली असतील.

अंधार पडल्यावर परत आलो. पडवीत आमचा स्टोव्ह काढून मुले खिचडीची तयारी करीत होती. रविवारचे जेवण आम्ही आमचे करतो, हा जुना शिरस्ता. मावशी बाहेर आल्या आणि स्टोव्ह बाजूस सारून म्हणाल्या, "आज तुमी पेटवू नका. ज्यांचं मानूस जातं, त्यांची चूल त्या दिशी शेजारी पेटवत्यात." त्यांनी ताटे मांडली, तांदळाची भाकरी आणि पिठले. मुले एकमेकांकडे पाहू लागली. आम्ही खाली मान घालून जेवलो.

निघताना हिशेबाचे पैसे त्यांच्या हाती ठेवले. त्यांनी ते दिव्याशी धरून मोजले, शनिवारच्या जेवणाचे बरोबर काढून घेतले आणि उरलेली नोट आमच्या खिशात परत घातली.