खोक्यातला अधिवास आणि रुईवरचा

के. आर. पुरम, बेंगळुरू

ती. ताईस,


प्राथमिक शाळेतला ‘अधिवास’ हा पाठ बहुधा बुटांच्या खोक्यात उरकला जातो: थर्माकोलचा बर्फ, कापसाचे अस्वल आणि निम्मी मेहनत आईबाबांची. मुलाने घातले तेवढेच खोक्यात असते, त्यामुळे निरीक्षणाला काही उरत नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना जिवंत अधिवास हवा, आणि तोही एका नजरेत मावणारा.

के. आर. पुरममध्ये रिकाम्या प्लॉटवर तो फुकट मिळतो. रुईचे झुडूप, कन्नडमध्ये ‘एक्क’. शनिवारी मारुतीच्या हारात असते तीच रुई. प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू तिच्या पानांवर सुटी सुटी अंडी घालते, आणि अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभरात आटोपतो. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा, त्याच्याभोवती मुंग्या, कधी मावा फस्त करणारा ढालकिडा. कोण कोणावर जगते हे इथे पुस्तकाविना दिसते.

पहिल्या दिवशी फक्त चित्र काढायला द्यावे. प्लेन टायगरच्या सुरवंटाच्या अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे असतात आणि पाठीवर काळ्या मऊ तंतूंच्या तीन जोड्या: पुढे, मध्ये आणि मागे. घाईच्या चित्रात एकच जोडी येते, तीही डोक्यावर. किड्याला मिशा असतात हे मुलाला आधीच ठाऊक असते ना! अशा वेळी शिक्षकाने चूक दाखवू नये. ‘वरून बघ आणि मोज’ एवढेच सांगावे. मधली जोडी मुलाची मुलालाच सापडली पाहिजे, नाहीतर सगळा खटाटोप फुकट.

वहीत दोन रकाने पुरतात: ‘दिसले’ आणि ‘वाटते’. पानाच्या कडेला अर्धगोल तुकडा नाही, हे दिसले. तो सुरवंटाने खाल्ला, हे वाटते. खाताना पाहिल्यावर ते पहिल्या रकान्यात जाते. सोबत तारीख, वेळ, ऊन-पाऊस आणि पट्टी शेजारी धरून घेतलेली लांबी. रुईचा चीक डोळ्यांना घातक, म्हणून पान तोडायचे नाही आणि परतल्यावर हात साबणाने धुवायचे. यात सूट नको.

सुरवंट मध्येच नाहीसाही होतो. गांधीलमाशी नेते, परोपजीवी माशी आतून पोखरते. तरीही ‘आज दिसला नाही’ असे लिहायचे आणि कारण ‘वाटते’मध्ये टाकायचे.

वर्षभराच्या कामाला झाड बरे. 2010 साली सुरू झालेल्या ‘सीझनवॉच’ उपक्रमात मुले ठरलेले एकच झाड दर आठवड्याला पाहतात आणि पाने, फुले, फळे नाहीत, थोडी की पुष्कळ, एवढेच नोंदवतात. बेंगळुरूच्या रस्त्यांवर करंज मुबलक आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची पानगळ आणि नवी पालवी लागोपाठ येतात, म्हणून नोंदी जानेवारीतच सुरू कराव्यात.

तुझा,
मुकुंद